यशाचा धनी कोण? : मारिओ झागालोची कारकीर्द

लढायांच्या इतिहासात सेनापतीचे नाव राहते आणि शिपायांची नावे पुसली जातात. फुटबॉलच्या इतिहासात नेमके याच्या उलट घडते. ज्याने आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नाही, त्यालाही पेलेचे नाव ठाऊक असते. परंतु पेलेच्या ब्राझीलने जे तीन विश्वचषक जिंकले, त्या तीन वेळी संघाचा प्रशिक्षक कोण होता असे विचारले, तर चांगले जाणकारही घटकाभर थांबतात. १९५८ साली विसेंते फेओला होता, १९६२ साली आयमोरे मोरेरा होता आणि १९७० साली मारिओ झागालो होता. यांपैकी तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे. पहिल्या दोन विजयांत तो स्वतः संघात खेळत होता. शिपाईही तोच आणि पुढे सेनापतीही तोच. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारा तो पहिला पुरुष. पुढे जर्मनीचा बेकनबावर आणि फ्रान्सचा देशाँ यांनी त्याची बरोबरी केली. पण वाट घालून दिली ती झागालोने.

अशा माणसाच्या आयुष्याकडे पाहताना एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. अकरा जण मिळून जे यश मिळवतात, ज्यामागे आणखी कित्येकांचे हात असतात आणि ज्यावर सरकारही हक्क सांगू पाहते, त्या यशाचा धनी कोण? आम्ही झागालोची कारकीर्द या प्रश्नाच्या उजेडात पाहणार आहोत.

मारिओ जॉर्ज लोबो झागालोचा जन्म ९ ऑगस्ट १९३१ रोजी ब्राझीलच्या ईशान्येकडील अलागोआस राज्यात झाला. तो तान्हा असतानाच घरची मंडळी रिओ द जानेरोला आली, आणि पुढचे सारे आयुष्य त्याने हे शहर आपले मानले. १९५० साली विश्वचषकाची स्पर्धा ब्राझीलमध्ये भरली तेव्हा तो अठरा वर्षांचा असून सक्तीच्या सैनिकी सेवेत होता. १६ जुलै रोजी माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांचा निर्णायक सामना व्हायचा होता. त्या दिवशी बंदोबस्तावर असलेल्या शिपायांत झागालो होता. ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. अधिकृत मोजणीप्रमाणे १,७३,८५० प्रेक्षक आले होते. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक असावेत असे मानतात. फ्रियासाने पहिला गोल केला, लोक नाचू लागले. मग उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी केली आणि सामना संपायला अकरा मिनिटे उरली असताना गिज्जाने दुसरा गोल केला. एवढ्या अफाट जनसमुदायावर त्या वेळी जी शांतता पसरली तिची आठवण झागालो म्हातारपणीही सांगत असे.

या पराभवाचा घाव ब्राझीलच्या मनावर किती खोल गेला याची एक साधी खूण आहे. त्या दिवशी ब्राझीलचा संघ पांढऱ्या पोशाखात खेळला होता. तो पोशाखच अपशकुनी ठरला. नवा पोशाख सुचवण्यासाठी एका वृत्तपत्राने स्पर्धा लावली, आणि आज जगभर ओळखला जाणारा पिवळा सदरा तीतून निघाला. जो शिपाई त्या दिवशी गणवेशात उभा राहून लोकांची रडारड पाहत होता, तो आठ वर्षांनी तोच पिवळा सदरा घालून स्वीडनला गेला.

मधल्या काळात तो फ्लामेंगो या क्लबाकडून खेळत होता. १९५३, १९५४ आणि १९५५ अशी लागोपाठ तीन वर्षे या क्लबाने रिओचे अजिंक्यपद मिळवले. झागालो डाव्या बगलेला खेळे. परंतु ब्राझीलमध्ये त्या काळी डाव्या बगलेच्या खेळाडूंना तोटा नव्हता. सांतोस क्लबाच्या पेपेच्या पायात तोफेचे बळ होते. झागालोजवळ असे डोळे दिपवणारे काही नव्हते. अंगाने तो किरकोळ होता. त्याच्याजवळ दोनच गोष्टी होत्या: न थकणारी छाती आणि मैदानावर कोठे माणूस कमी पडतो आहे हे ओळखणारी नजर. स्पर्धेपूर्वी पेपे जखमी झाला, आणि डावी बगल झागालोकडे आली. पुढे सहाच्या सहा सामने तोच खेळला.

त्याने तेथे काय केले हे समजण्यासाठी खेळाच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ब्राझीलचा संघ त्या वेळी ४-२-४ या मांडणीने खेळत असे. म्हणजे गोलरक्षकापुढे बचावाला चार, मध्ये दोन आणि आघाडीला चार. आघाडीवर चार माणसे असल्याने चढाईला जोर येई. पण चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की मधल्या दोघांवर सारा भार पडे, कारण पुढचे चौघे पुढेच राहत. झागालो पुढे राहत नसे. चेंडू गमावला की तो धावत मागे येई आणि मधल्या फळीतला तिसरा माणूस होई. चेंडू मिळाला की पुन्हा बगलेवर हजर. कागदावर ४-२-४ असलेली मांडणी त्याच्या एकट्याच्या पायांनी ४-३-३ होत असे. लोकांनी त्याला 'छोटी मुंगी' असे नाव ठेवले, आणि ते त्याला शोभून दिसले.

उजव्या बगलेवर गारिंशा प्रतिस्पर्ध्यांना नाचवीत होता, मध्ये सतरा वर्षांचा पेले जगाला प्रथमच दिसत होता. आणि डावीकडे ही मुंगी ये-जा करीत होती. आपल्या संगीत नाटकांचे ज्यांना वेड आहे त्यांना हे लवकर उमगेल. गायक नटाला टाळ्या पडतात. परंतु तो इतका मोकळा गाऊ शकतो तो ऑर्गन-तबल्याची साथ ठाम असते म्हणून. ब्राझीलने पहिल्या चार सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, यात या साथीचा मोठा वाटा होता. २९ जून १९५८ रोजी अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरवले. त्यांतला चौथा गोल झागालोचा होता. चार वर्षांनी चिलीमध्ये पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला, तरीही ब्राझीलने चषक राखला. झागालो तेव्हाही डावीकडे होता. तोपर्यंत तो बोटाफोगो क्लबात गेला होता. तेथे गारिंशा, दिदी आणि निल्टन सांतोस हे त्याचे सोबती होते.

१९६५ साली त्याने खेळणे थांबवले आणि लवकरच बोटाफोगोचा प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली या क्लबाने १९६७ आणि १९६८ साली रिओचे अजिंक्यपद जिंकले. जेर्सन आणि जैर्झिन्यो हे पुढे जगप्रसिद्ध झालेले खेळाडू तेथे त्याच्याच हाताखाली होते. येथवरची कहाणी एका कष्टाळू, सरळमार्गी माणसाची आहे. १९७० साली मात्र ती अशा वळणावर आली की तेथे नुसते कष्ट पुरत नव्हते.

ब्राझीलमध्ये १९६४ साली सैन्याने सत्ता घेतली होती. डिसेंबर १९६८ मध्ये राजवटीने उरलीसुरली नागरिक-स्वातंत्र्येही काढून घेतली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधकांची धरपकड आणि छळ सुरू झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये जनरल मेदिसी राष्ट्राध्यक्ष झाला. या अंधाऱ्या काळात राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक कोण असावा? जोआओ साल्डान्या. हा पत्रकार होता, परखड लिहिणारा होता आणि उघड उघड कम्युनिस्ट होता. १९५७ साली त्याने बोटाफोगोला रिओचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. राष्ट्रीय संघ हाती येताच त्याने खेळाडूंची नावे नक्की केली, आणि १९६९ साली पात्रतेचे सहाही सामने जिंकून दाखवले. गोल केले २३ आणि होऊ दिले अवघे २.

मेदिसीला फुटबॉलचा नाद होता. दारियो नावाचा आघाडीचा खेळाडू संघात असावा अशी त्याची इच्छा असल्याचे बोलले जाऊ लागले. यावर साल्डान्याने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: राष्ट्राध्यक्षांचे मंत्रिमंडळ मी निवडीत नाही, माझा संघ त्यांनी निवडू नये. अर्थात साल्डान्याचेही सारेच गुण नव्हते. तो तापट होता, त्याची पुष्कळांशी भांडणे झाली, पेलेच्या दृष्टीविषयी शंका घेऊन त्याने पेलेलाच बाहेर ठेवण्याची भाषा केली. तेव्हा त्याला काढण्याचे कारण एकच होते असे म्हणता येत नाही. परंतु हुकूमशाहीला एक कम्युनिस्ट माणूस विश्वचषक घेऊन घरी परतायला नको होता, हे समजायला फारशी बुद्धी लागत नाही. मार्च १९७० मध्ये साल्डान्या गेला आणि झागालो आला. स्पर्धेला सुमारे अडीच महिने उरले होते.

झागालोने काय केले? प्रथम त्याने माणसांच्या जागा बदलल्या. पियाझा हा मधल्या फळीतला खेळाडू. त्याला बचावाच्या मधोमध नेले, म्हणजे मागूनच चेंडू नीट खेळवला जाईल. मधली जागा तरुण क्लोदोआल्दोला दिली. रिव्हेलिनो डाव्या बगलेचा माणूस नव्हता. त्याला डावीकडे उभे केले, आणि झागालो स्वतः ज्या प्रकारे खेळत असे तसे आत-बाहेर करायला लावले. पेले आणि तोस्ताओ एकाच जागेचे आहेत, दोघांना एकत्र खेळवता येत नाही, असे पुष्कळांचे मत होते. तोस्ताओच्या डोळ्यातील पडदा चेंडू लागून सुटला होता, अमेरिकेत ह्यूस्टन येथे शस्त्रक्रिया करावी लागली होती. झागालोने त्याला आघाडीच्या टोकाला ठेवले. काम दिले ते गोल करण्याचे कमी आणि बचाव करणाऱ्यांना हालवून इतरांना वाट करून देण्याचे अधिक.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चेंडू गमावला की तोस्ताओखेरीज जवळजवळ सर्वांनी चेंडूच्या मागे यायचे, असा त्याने नियम केला. पेलेही याला अपवाद नव्हता. याचा अर्थ असा की जे काम १९५८ साली झागालो एकटा करीत होता, ते १९७० साली त्याने साऱ्या संघाकडून करवून घेतले. अकरा प्रतिभावंतांना त्याने थोडे थोडे मुंगी होण्यास शिकवले. आमच्या मते प्रशिक्षक म्हणून त्याचा खरा वाटा हा आहे, आणि तो लहान नाही.

मेक्सिकोत सामने उंचावर होते. मेक्सिको शहर सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. ब्राझीलचा संघ आधी जाऊन ग्वानाह्वातो येथील डोंगराळ हवेत सरावाला राहिला. शारीरिक तयारी करून घेणाऱ्यांत क्लाउदिओ कुटिन्यो हा सैन्यातला कप्तान होता, आणि त्यांच्यातच कार्लोस आल्बेर्तो परेरा हा तरुणही होता. या तयारीचे फळ आकड्यांत दिसते. ब्राझीलने सहा सामन्यांत १९ गोल केले. त्यांपैकी १२ उत्तरार्धात झाले. दुसरे थकत तेव्हा ब्राझीलचे खेळाडू पळत होते.

उपांत्यपूर्व सामन्यात गाठ पडली ती पेरूशी, आणि पेरूचा प्रशिक्षक होता दिदी. १९५८ आणि १९६२ च्या संघांत मध्यभागी उभा राहून साऱ्या खेळाची सूत्रे हलवणारा तोच दिदी. त्याने पेरूला, अर्जेंटिनाला मागे सारून, या स्पर्धेपर्यंत आणले होते. ज्याला स्वामी मानावे तो एका बाजूला आणि मुंगी दुसऱ्या बाजूला. ब्राझीलने सामना ४-२ असा जिंकला. उपांत्य फेरीत उरुग्वे आला. १९५० नंतर विश्वचषकात या दोघांची ही पहिलीच भेट होती, आणि उरुग्वेनेच पहिला गोल केला. जेर्सनला प्रतिस्पर्धी हलू देत नव्हते. तेव्हा जेर्सनने मैदानावरच युक्ती केली: स्वतः मागे थांबला आणि क्लोदोआल्दोला पुढे पाठवले. मध्यंतरापूर्वी क्लोदोआल्दोनेच बरोबरीचा गोल केला. शेवटी ३-१. ही युक्ती प्रशिक्षकाची नव्हती, खेळाडूची होती, हेही यशाचा हिशेब मांडताना जमेस धरले पाहिजे.

२१ जून १९७० रोजी अंतिम सामन्यात इटलीशी १-१ अशी बरोबरी असता उत्तरार्धात ब्राझीलने तीन गोल केले. शेवटचा गोल फार प्रसिद्ध आहे. इटलीचे खेळाडू माणसामागे माणूस अशा पद्धतीने बचाव करीत. जैर्झिन्यो आपली उजवी बगल सोडून डावीकडे गेला, त्याच्या मागोमाग इटलीचा फाक्केत्ती गेला, आणि ब्राझीलची उजवी बाजू मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेत पेलेने न पाहिल्यासारखा हळूच चेंडू सरकवला आणि कप्तान कार्लोस आल्बेर्तोने धावत येऊन तो जाळ्यात मारला. पेलेचा पास आणि कार्लोस आल्बेर्तोचा फटका सर्वांना दिसतो; ती मोकळी जागा कोणी व कशी केली हे पाहायला थोडी सवय लागते.

तिसऱ्या विजयामुळे ब्राझीलला तो चषक कायमचा मिळाला. आणि लगेच मालकीचा प्रश्न उभा राहिला. मेदिसीने संघाचे राजधानीत स्वागत केले, चषक हाती घेऊन छायाचित्रे काढवली. स्पर्धेसाठी रचलेले गीत राजवटीच्या जयघोषात मिसळून गेले. त्याच दिवसांत तुरुंगात असलेल्या राजकीय बंद्यांपुढे मोठा पेच होता: आपल्या देशाचा संघ जिंकावा असे म्हणावे, तर आपला छळ करणाऱ्यांचेही बळ वाढते. पुष्कळांनी विरोध करायचे ठरवले होते, आणि पहिला गोल होताच त्यांच्यातलेच कित्येक ओरडून उठले, असे त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे सांगितले आहे. त्यांना नावे ठेवण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

झागालोचे काय? तो राजकारणातला माणूस नव्हता. दारियोला त्याने बावीस जणांत घेतले, हे खरे. आणि संपूर्ण स्पर्धेत त्याला एक मिनिटही खेळवले नाही, हेही खरे. यातला पहिला भाग पाहून कोणी त्याला आज्ञाधारक म्हणतील, दुसरा पाहून कोणी धूर्त म्हणतील. आम्हांला वाटते की निर्णय देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मैदानावर त्याने जे उभे केले ते त्याचे, त्याच्या खेळाडूंचे आणि काही अंशी ज्याने पात्रता मिळवून दिली त्या साल्डान्याचे आहे. त्यात मेदिसीचा कवडीचाही वाटा नाही. परंतु ज्या खुर्चीवरून एक माणूस अशा प्रकारे उठवला गेला, ती खुर्ची कोणी तरी घेतली म्हणूनच सत्तेला उठवणे सोपे गेले, हेही विसरता येत नाही. पहिल्याचे श्रेय झागालोला पुरेपूर द्यावे. दुसऱ्याचा हिशेब त्याच्या चांगल्या कामाने फिटतो असे मात्र मानू नये.

पुढची कारकीर्द या यशाच्या सावलीत गेली. १९७४ साली पेले, तोस्ताओ, जेर्सन कोणीच नव्हते. मांडणी तीच होती, माणसे ती नव्हती. हॉलंडने २-० असे हरवले आणि ब्राझील चौथा आला. प्रशिक्षक जागा नेमून देऊ शकतो, जागा भरणारा माणूस निर्माण करू शकत नाही, हा धडा यातून निघतो. त्यानंतर कुवेत, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या संघांना त्याने शिकवले. अमिरातीला त्याने १९९० च्या विश्वचषकासाठी पात्र करून दिले. प्रत्यक्ष स्पर्धेपूर्वी त्याला दूर करण्यात आले, आणि त्या जागी परेरा गेला. याच परेराचा साहाय्यक होऊन १९९४ साली झागालोने चौथा विश्वचषक पाहिला. ज्याला पूर्वी आपण शिकवले त्याच्या हाताखाली काम करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मुंगीचा स्वभाव सुटला नव्हता.

तरी त्याला मान-अपमान कळत नव्हता असे नाही. १९९७ साली बोलिव्हियात दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकल्यावर, वर्षभर टीका करणाऱ्यांना उद्देशून, "तुम्हांला मला गिळावेच लागेल," असे तो कॅमेऱ्यासमोर ओरडला. तो श्रद्धाळूही होता. पत्नीची संत अंतोनीवर भक्ती, त्याचा सण १३ जूनला. म्हणून १३ हा आकडा झागालोला शुभ वाटे, आणि तो प्रत्येक घोषणेची अक्षरे मोजून तेरा होतात का हे पाही.

१२ जुलै १९९८ रोजी पॅरिसमध्ये मात्र कोणताही आकडा उपयोगी पडला नाही. अंतिम सामन्याच्या दुपारी एकवीस वर्षांच्या रोनाल्डोला झटका आला. त्याला रुग्णालयात नेले. प्रथम दिलेल्या यादीत त्याच्याऐवजी एडमुंडोचे नाव होते. मग रोनाल्डो मैदानावर येऊन म्हणाला, मी खेळतो. तपासणीत काही निघाले नव्हते, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. झागालोने त्याला खेळवले. रोनाल्डो मैदानावर हरवल्यासारखा वावरला आणि फ्रान्सने ३-० असा सामना जिंकला. ब्राझीलच्या संसदीय चौकशीतही हा प्रश्न विचारला गेला. १९७० च्या यशाचे धनी पुष्कळ निघाले होते. १९९८ च्या अपयशाचा धनी शोधताना बोट मुख्यतः एकाच माणसाकडे गेले.

५ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, रिओमध्ये झागालोचे निधन झाले. १९५८ च्या अंतिम सामन्यात खेळलेल्या ब्राझीलच्या अकरा जणांपैकी तो शेवटचा उरला होता.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही, हे आता ध्यानात आले असेल. अशा यशाला एक धनी नसतो, वाटेकरी असतात. आणि इतिहासाचे काम प्रत्येकाचा वाटा शक्य तितका नेमका मोजून देणे हे असते. पेलेचा वाटा सर्वांना दिसतो. साल्डान्याचा वाटा बुडवला गेला होता, तो परत द्यावा लागतो. मेदिसीने न मिळवलेला वाटा घेतला, तो काढून घ्यावा लागतो. झागालोचा वाटा चेंडू जेथे नाही तेथे शोधावा लागतो. तेथे पाहण्याची सवय आपण लावून घेतली, तर फुटबॉलच काय, आपल्या गावच्या नाटक मंडळ्या, ग्रंथालये आणि सार्वजनिक संस्था ज्यांच्या ये-जा करण्यावर चालल्या आहेत ती माणसेही आपल्याला अधिक स्पष्ट दिसू लागतील.